वहिनीची झडप

माझ्या नणंदेच्या घरात राहायला गेलं की आधी आपली झडप कोणती ते विचारून घ्यावं लागे. चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं नंतर. लग्न होऊन मी त्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा सासूबाईंनी मला कपाट दाखवायच्या आधी वन्संनी दंडाला धरून पश्चिमेच्या खोलीत नेलं, खिडकीच्या जाडजूड लाकडी झडपेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ही तुझी. उजाडता उजाडता लावायची, दिवस मावळला की उघडायची. विसरलीस तर दुपारी सगळं घर तुझ्या नावाने घाम पुसेल." मला सासरी सासूचा जाच नव्हता. झडपेचा होता.

वन्सं घरं आखायच्या. रीतसर शिकलेल्या होत्या, पदवी चौकटीत घालून टांगलेलीही होती, पण कोठीच्या खोलीत, पिठाच्या डब्यांच्या वर. गाव वाळवंटाच्या कडेला. शेवटची गल्ली संपली की वाळू सुरू, आणि उन्हाळ्यात दाराची कडी फडक्याशिवाय धरायची सोय नाही. अशा गावात लोक थंड मुलखातली चित्रं बघून मोठ्या काचांची सिमेंटची खोकी बांधत आणि त्यात बसून भाजून निघत. वन्सं म्हणायच्या, "भट्टीच बांधायची तर निदान पाव तरी भाजा." त्या स्वतः तिथल्याच मातीच्या कच्च्या विटा वापरत. भिंत इतकी जाड की खिडकीत मूल आडवं झोपवावं. मध्ये चौक, त्याखाली अर्धवट जमिनीत उतरलेलं तळघर, आणि डोक्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभा चौकोनी मनोरा. उंचावरचा वारा त्या मनोऱ्यात शिरायचा, आत टांगलेल्या ओल्या तरटांमधून गार होत होत तळघरात उतरायचा. वीज नाही, यंत्र नाही, घरघर नाही.

मात्र माणसं हवीत. त्या घराचं सगळं मर्म तिथे होतं, आणि हे मला कळायला म्हातारपण यावं लागलं. रात्री सगळ्या झडपा उघडून घराला दिवसभराची धग बाहेर टाकू द्यायची आणि पहाटे सगळ्या एका दमात लावून रात्रीचा गारवा आत कोंडायचा. एका दमात म्हणजे एका दमात. एक झडप मागे राहिली की दुधाच्या पातेल्यात लिंबू पिळल्यासारखं सगळं वाया. मग तरटं भिजवून मनोऱ्यातली तेवढी झडप पुन्हा उघडायची, चौकावरचं कापड ओढायचं. सकाळी पूर्वेच्या खोल्या सोडायच्या, दुपारी सगळ्यांनी खाली, रात्री सगळ्यांनी गच्चीवर. घरातली माणसं दिवसभर सूर्याला चुकवत फिरायची, देणेकऱ्याने सावकाराला चुकवावं तशी.

कोणाचं घर आखायचं ठरलं की वन्सं आधी त्यांच्या जुन्या घरी जाऊन भर उन्हाळ्यातला एक अख्खा दिवस बसत. गप्पा मारायला नाही. मुकाट्याने एका खुर्चीवर. सासू जेवल्यावर कुठे लवंडते, सून भाजी निवडायला कुठल्या कोपऱ्यात सरकते, म्हातारा बाज घेऊन कसा सावलीमागे फिरतो, ते बघत. घरच्यांना दुपारपर्यंत अवघडल्यासारखं व्हायचं, मग ते विसरून जायचे आणि नेहमीसारखे भांडायला लागायचे. तेव्हा वन्संचं खरं काम सुरू व्हायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. वन्सं पाय मोजून अंथरूण शिवायच्या.

म्हणूनच त्यांच्या नकाशावर 'शयनगृह' आणि 'दिवाणखाना' असलं काही नसे. तिथे लिहिलेलं असे: सासूबाईंची झडप, थोरल्याची दोरी, सुनेचं तरट. घर बांधून झालं की सगळ्या कुटुंबाला चौकात उभं करायचं आणि ज्याची त्याची झडप ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. गावातला एक ठेकेदार म्हणायचा, बाई घर देत नाहीत, नोकरी देतात. गावाने त्यांचं नाव भिंतवाल्या बाई असं ठेवलं होतं आणि ते त्यांना आवडायचं.

आमचं घर त्यांचं पहिलं. आठ माणसांचं. सासरे, सासूबाई, सासूबाईंची एक विधवा बहीण, वन्सं, त्यांचे दोन धाकटे भाऊ, त्यातल्या थोरल्याची बायको म्हणजे मी (तेव्हा मी यायची होते, पण माझी झडप आधीच धरून ठेवलेली), आणि पुढे आमचा मुलगा. मामंजींची पूर्वेला. सासूबाईंची स्वयंपाकघरात. मावशींची उत्तरेला. ह्यांची मनोऱ्यात, सगळ्यात उंच, जिना चढून जायची. धाकट्या दिरांची वरच्या खोलीत. माझी पश्चिमेला. मुलगा चालायला लागला तेव्हा त्याच्यासाठी तळघराच्या तोंडाशी एक बुटकी झडप केली, त्याच्या हाताला पोहोचेल अशी. वन्संच्या नावाची एकही नव्हती. मी एकदा विचारलंही. म्हणाल्या, "मी सगळ्यांच्या मागे फिरणार ना. कोणी विसरलं तर लावणार. मला वेगळी कशाला?"

लग्न त्यांनी केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणत, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. मला दोन्हींतलं एक जमलं. यापुढे विचारायची सोय नसे.

मग घर रिकामं होऊ लागलं. त्यात जगावेगळं काही नाही. मामंजी गेले, मावशी गेल्या, सासूबाई गेल्या. धाकटे दीर दूर देशी गेले आणि तिथलेच झाले. ह्यांची बदली झाली, मुलाची शाळा आड आली, आणि आम्हीही निघालो. निघताना वन्सं पायरीवर उभ्या होत्या. बाकी कोणी असतं तर पोचल्याचा फोन करा म्हणालं असतं. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या झडपेला तेल घालत जाईन मी. अडणार नाही." आधी दर सुट्टीत जायचो. मग एक सुट्टी सोडून. हे गेल्यावर मी एकदा गेले, आणि मग माझे गुडघे गेले.

गावातल्या इतर घरांचंही तेच. कोणाचे मुलगे शहरात, कोणाची सासू वर. एकदा त्यांनीच बांधलेल्या घरातली एक सून वन्संकडे आली होती, तेव्हा मी तिथेच होते. सासू वारल्यावर तिची झडप कोणी लावायची, असं तिचं विचारणं होतं. वन्सं म्हणाल्या, तू लाव. ती म्हणाली, माझी लावून तिच्या खोलीत जाईपर्यंत ऊन आत येतं. वन्सं म्हणाल्या, मग लवकर ऊठ. सून उठून गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भिंतीला एसीचं खोकं लागलं. मग शेजारच्याला लागलं. जनावराच्या कातडीला गोचिडी लागाव्यात तशी ती खोकी त्या गल्लीभर लागली. वन्संनी त्या गल्लीतून जाणं सोडलं. भाजी आणायला त्या उन्हातून लांबचा वळसा घालून जाऊ लागल्या.

हे सगळं मला माहीत होतं, पण शेजारच्याचं दुखणं माहीत असतं तेवढंच. मग एका उन्हाळ्यात वन्संच्या शेजारणीचा, गल्लीतल्या शिंपीणबाईचा, फोन आला. वन्सं मनोऱ्याच्या जिन्याखाली पडलेल्या सापडल्या होत्या. हाडं शाबूत, पण अंग तव्यासारखं तापलेलं आणि बोलणं बरळल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. घरात बसून. भिंतवाल्या बाईंना, घरात बसून.

माझ्या मुलाने त्या दिवशी निकाल देऊन टाकला. एक तर आत्याच्या घरात एसी बसेल, नाही तर आत्या आपल्याकडे येईल. तिसरी गोष्ट नाही. पोरगा दुष्ट नाही, आत्याच्या कडेवर वाढलाय. पण आम्ही राहतो आठव्या मजल्यावर, जिथे खिडकी उघडली तर समोरच्याचा टीव्ही दिसतो. तिथे ती बाई काय करणार होती? आणि एसी बसवणं म्हणजे, जन्मभर जे लोकांना नको म्हणून सांगितलं ते स्वतःच्या पहिल्या घराच्या भिंतीत भोक पाडून आत घेणं. म्हणजे जन्मभर केलं ते चुकलं, असं गावाला भिंतीवर लिहूनच देणं. मी मुलाला विचारलं, आत्याने ऐकलं नाही तर? तो म्हणाला, "तू जा ना. तुझ्यापुढे कोणाचं चाललंय?" मग मी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि गेले.

वन्सं खाटेवर बसल्या होत्या. काठीसारख्या झालेल्या. मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "जाड झालीस."

"तुमच्या भिंतींवर गेलेय."

हसल्या नाहीत, पण खुर्ची पुढे सरकवली. मी पश्चिमेच्या खोलीत सामान ठेवलं. झडप बोटाने ढकलली तर आवाज न करता उघडली. तेल ताजं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला बोलण्याने जाग आली. वाटलं, शिंपीणबाई आल्या असतील. ऐकू लागले. "बाबा, लागली हं तुमची." मग पावलं, श्वास, पुन्हा पावलं. "मावशी, हात काढ, चिमटेल." मग जिन्यावर बराच वेळ. "बाळ, किती रे उंच तुझी." बाळ म्हणजे माझा नवरा. मग त्या माझ्या खोलीशी आल्या, अंधारात मी उठून बसलेय हे त्यांना दिसलं नाही, आणि थेट झडपेपाशी जाऊन म्हणाल्या, "वहिनी, झोपलीस का?"

"जागी आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही हे कोणाला हाका मारताय?"

दुसरी कोणी ओशाळली असती. वन्संनी झडप लावली, खुंटी घातली आणि म्हणाल्या, "नाव घेतलं की राहून जात नाही. मध्ये मुकाट्याने लावत होते, तेव्हा बाबांची दोनदा राहिली."

मला गहिवरून वगैरे आलं नाही. राग आला. आठ जणांचं काम एक म्हातारी पहाटे जिने चढत उतरत करतेय, आणि शेवटच्या झडपेपाशी पोचेपर्यंत उन्हाची झळ घरात येऊन बसलेली असते. दुपारी तळघरात बसावं तर तिथेही कोंदट वाफ, कारण मनोऱ्यातली तरटं भिजवायला पुन्हा वर जाण्याचं बळ उरलेलं नसतं. मी म्हटलं, आता मी आहे, दोघी मिळून करू. केलं. माझ्या गुडघ्यांनी एक जिना चढेपर्यंत वन्सं दोन झडपा लावून यायच्या आणि मला जिन्यातच गाठून पुढे जायच्या. तरी जमेना. शिंपीणबाई आपणहून म्हणाल्या, मी येत जाईन पहाटे. वन्संनी नको म्हणून सांगितलं. तिला तिचं घर आहे, म्हणाल्या, तिच्या झडपा कोण लावेल?

तिसऱ्या की चौथ्या दुपारी वन्संचा चेहरा पुन्हा लाल झाला. मी ओलं फडकं त्यांच्या डोक्यावर धरलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बोलाव त्या एसीवाल्याला."

मी जिंकायला आले होते आणि जिंकले. कसलंही बरं वाटलं नाही.

एसी बसवणारा शिडी आणि ड्रिल घेऊन आला. बोलका माणूस. भिंतीवर बोटं वाजवून बघितली, खिडकीत हात घालून जाडी बघितली, आणि म्हणाला, "बाई, ही भिंत आहे का धरण?" त्याची सगळ्यात लांब सळई लावली तरी पलीकडे निघणार नव्हती. मग त्याला मनोरा दिसला. तो खूश झाला. हे भोक तर आयतंच आहे, पाइप यातून काढू, वर सिमेंटने बंद करून टाकू. वन्सं खाटेच्या कडेवर बसून होत्या, पाठ ताठ, शाळेत फळ्याकडे तोंड करून उभं केलेल्या मुलीसारखी.

मग त्याने खिशातून पेन काढून त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, जो तो प्रत्येक घरी विचारत असणार. "बसता कुठल्या खोलीत तुम्ही?"

वन्सं म्हणाल्या, "म्हणजे?"

"म्हणजे गार कुठली खोली करायची? तुम्ही दिवसभर असता कुठे?"

वन्संनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "सगळीकडे," म्हणाल्या.

तो म्हणाला, सगळीकडे गार करायचं तर सिनेमाच्या थिएटरला बसवतात तसलं मशीन लागेल. ठरवा आणि फोन करा. चहा पिऊन शिडी खांद्यावर टाकून गेला.

मी वन्संकडे बघत होते. गावातल्या प्रत्येक चुलीपुढे खुर्ची टाकून याच प्रश्नाचं उत्तर शोधत बसलेली ही बाई. तिला तो कोणी विचारलाच नव्हता. आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एक खुर्ची चौकाच्या कोपऱ्यात टाकली आणि बसले. वन्संनी विचारलं, तुला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुमचंच काम करतेय. त्या फणकारल्या. त्यातलं तुला काय कळतं, म्हणाल्या. मी म्हटलं, बघायला डोळे लागतात, ते अजून आहेत. दुपारपर्यंत त्या अवघडलेल्या राहिल्या, माझ्याकडे बघून उगाच पदर सारखा करायच्या, उगाच एखादं भांडं हलवायच्या. मग विसरल्या. मीही जागची हलले नाही. दिवस कंटाळवाणा होता हे प्रामाणिकपणे सांगते. एकट्या माणसाला दिवसभर बघणं हे फार कंटाळवाणं काम आहे. तो भांडतसुद्धा नाही.

संध्याकाळी चौकात जरा वारं सुटल्यावर मी त्यांना सांगितलं. स्वयंपाकघर, तळघर आणि हा चौक. एवढंच तुमचं घर. पूर्वेच्या खोलीत तुम्ही फक्त झडप उघडायला आणि लावायला जाता. मावशींच्या खोलीत तेच. वरच्या खोलीत तेच. पश्चिमेच्या खोलीत तेच. दिवसभरात तिथे टेकलासुद्धा नाहीत.

"घर चालवायचं तर जावं लागतं," वन्सं म्हणाल्या.

"कोणासाठी चालवता?"

त्यांनी पदराने मान पुसली. मग म्हणाल्या, "ती सून आली होती. सासूच्या झडपेचं विचारायला. मी तिला लवकर ऊठ म्हटलं."

"मी होते तिथे."

"तिला दुसरा नकाशा करून द्यायला हवा होता. माणूस गेलं की घर नव्याने आखायला हवं. मला सुचलंच नाही, वहिनी. मी फक्त भरलेली घरं आखली."

मी म्हटलं, मग आता रिकामं आखा.

त्या उठल्या, कागद आणि पेन्सिल घेऊन आल्या, आणि मला लगेच शिव्या द्यायला लागल्या. उजेडातून सरक, पट्टी नीट धर, हात हलवू नको. तेव्हाच मी ओळखलं की बाई आता मरत नाही. पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या खोल्या बंद करून टाकल्या तर मधल्या तळघराला दोन्ही बाजूंनी रजई पांघरल्यासारखं होईल, असं त्यांनी मला समजावलं. वर छताशी हाताएवढे झरोके कायम उघडे, धग आपोआप निघून जाईल. मनोऱ्यातली झडप खालून, चौकातून ओढायच्या दोरीवर. तरटांना पाणी वरच्या टाकीतून, एका तोटीने. जिना चढायचाच नाही. मी विचारलं, मग खोल्यांच्या झडपा नुसत्या लावून ठेवल्या तर चालणार नाही का? बुजवायला कशाला हव्यात? वन्संनी पेन्सिल थांबवली.

"लाकूड जुनं झालंय, फटीतून धूळ येते," म्हणाल्या. आणि मग, "शिवाय झडप असली की मी उघडीन."

त्यांनी जुनाच नकाशा समोर ठेवला होता, माझ्या लग्नाच्या आधीचा, आणि त्यावरून एकेक बघत होत्या. आईची ठेवायची, स्वयंपाकघर लागतं. बाळची ठेवायची, मनोरा लागतो. भाच्याची, नकाशात मागाहून भरलेली, तीही ठेवायची, तळघराची आहे आणि बुटकी आहे, वाकलं की झालं. मग बाबांची. त्यावर त्यांनी फुली मारली. मावशीची. फुली. धाकट्या दिरांची आली तेव्हा मी म्हटलं, त्यांना फोन करून विचारा तरी.

"नको. तो ठेव म्हणेल. म्हणायला काय जातं?"

फुली.

मग पेन्सिल पश्चिमेच्या खोलीवर आली. तिथे त्यांच्याच तेव्हाच्या कोवळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: वहिनीची झडप. मी कोण असणार हे माहीत नसताना लिहिलेलं.

"तुझी?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

पश्चिमेची खोली उघडी राहिली तर दुपारचं ऊन थेट तळघराच्या भिंतीवर. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं. मला त्या घटकेला वाटलं की ठेवा म्हणावं. जिभेवर आलंही होतं. पण खोटं बोलायचं तर जन्मभराचा सराव लागतो आणि तो मला नाही.

"बुजवा," मी म्हटलं.

"विचार केलास?"

"केला. ठेवा म्हटलं तर तुम्ही तिला तेल घालत बसाल आणि पहाटे वहिनी, वहिनी करत तिकडे जाल. आणि मी येणार नाही, वन्सं. आले तर पाहुणी म्हणून येईन. तळघरात झोपेन."

"बरं," त्या म्हणाल्या. फुली मारली. बाकीच्यांपेक्षा जरा सावकाश, इतकंच.

गवंडी आला तो कच्च्या विटांचा ढीग आणि चिखलाचं घमेलं घेऊन. वन्सं खुर्चीवर बसून त्याच्यावर ओरडत होत्या. सांधे नीट भर, गिलावा घाईने ओढू नको. माझी झडप चौकटीतून काढली तेव्हा तो ती जळणात टाकायला निघाला होता. वन्संनी हटकलं. तेल पाजलेलं लाकूड आहे, म्हणाल्या, नकाशे काढायला टेबल होईल. संध्याकाळपर्यंत पश्चिमेच्या खिडकीच्या जागी भिंत होती. गिलावा ओला होता तेवढ्यापुरती ती जागा गडद दिसत होती. वाळल्यावर तीही दिसेना.

नवा नकाशा मी बघितला. तीन झडपा होत्या आणि कोणाचंच नाव नव्हतं. मी म्हटलं, तुमचं तरी लिहा. आता तरी तुमच्या आहेत.

"एकटीला नाव कशाला लिहायचं?" वन्सं म्हणाल्या. "चुकून दुसरं कोण लावणार आहे?"

तळघर गार राहू लागलं. पहिल्या दुपारी आम्ही दोघी तिथे खाली बसलो होतो, मनोऱ्यातून उतरणाऱ्या वाऱ्याला ओल्या तरटाचा वास होता, आणि वन्सं बसल्या जागी झोपून गेल्या. चेहरा कोरडा. लाल नाही. मी त्यांच्यावर चादर टाकली आणि वर येऊन मुलाला फोन केला. एसी नको, आत्या येणार नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तू हरलीस? मी म्हटलं, मी काय झालं ते सांगितलं, हरजीत तू ठरव. मग त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारलं, "माझी झडप?"

"आहे. बुटकी होती म्हणून वाचली."

"सुट्टीत येतो मी," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. म्हणायला काय जातं?

माझ्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वन्संनी चपला घातल्या आणि मला घेऊन त्या गल्लीत गेल्या. खोकी भिंतींवर घरघरत होती, खाली पाणी ठिबकून रस्त्यावर डाग पडले होते. त्या सुनेचं दार त्यांनी वाजवलं. तीही आता म्हातारी झालेली. केस पांढरे, हातात टीव्हीचा रिमोट. वन्संनी ख्यालीखुशाली विचारली नाही, झाल्या गोष्टीचं काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, "घरात आता कोण कोण उरलंय?" ती म्हणाली, मीच. वन्सं म्हणाल्या, "एक खुर्ची दे. उद्या सकाळी येते. दिवसभर बसेन, बोलणार नाही." त्या बाईने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या घरी दिवसभर कोणी येऊन बसलं त्याला किती काळ झाला असेल, कोण जाणे. म्हणाली, या.

मी पहाटे निघाले, पहिल्या गाडीसाठी. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. वन्सं दारापर्यंत आल्या नाहीत. येणार नव्हत्याच, झडपांची वेळ होती. चौकातूनच म्हणाल्या, गुडघ्यांचं बघ. मी म्हटलं, डोक्याचं बघा.

पूर्वी मी अशीच पहाटे माहेरी जायला निघत असे, तेव्हा अख्खी गल्ली ओलांडेपर्यंत त्या घराचा आवाज मागून येत राहायचा. इकडे एक झडप, तिकडे एक, वर मनोऱ्यात ह्यांची धाडकन, मग मावशींची उशिरा, मग माझ्या नावाने वन्संचं ओरडणं, कारण माझी लावायची राहिलेली असायची. आता मी बॅग घेऊन चालत होते आणि मागे कान देऊन होते. एक झडप लागली. दुसरी लागली. चौकातली दोरी कप्पीवरून करकरली. नाव कोणाचंच ऐकू आलं नाही.

टॅक्सीवाल्याने बॅग डिकीत ठेवून ती बंद केली, तोवर आवाज संपला होता.